बोट ठेवायला जागा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या क्रीडा पुरवणीत पिस्तूल नेमबाजीच्या सरावावर पानभर मजकूर आला. आमच्या खेळाला एवढी जागा क्वचित मिळते, म्हणून दोनदा वाचला. दुसऱ्या वाचनात नकळत हातात लाल पेन आलं. तीस वर्षं गणिताच्या वह्या तपासल्या, ती खोड काही जात नाही. दोन ठिकाणी खूण केली आहे. एक मजकुरात, एक छायाचित्रात.

मजकुरात म्हटलं आहे की तर्जनीच्या पहिल्या पेराचा मधला मांसल भाग ट्रिगरवर ठेवावा आणि हा नियम सर्वांना सारखाच लागू आहे. वाक्याचा पहिला अर्धा भाग बरोबर आहे. दुसऱ्या अर्ध्याने माझी साडेतीन वर्षं खाल्ली, म्हणून हे पत्र. ते लांबणार आहे. कात्री तुमच्या हातात आहेच.

मी रेंजवर गेले ते ४६व्या वर्षी, आणि स्वतःसाठी गेलेच नव्हते. मुलीला सोडायचं आणि मागच्या बाकावर बसून वह्या तपासायच्या, असा क्रम होता. एके दिवशी प्रशिक्षक म्हणाले, "बाई, नुसत्या बसून असता, एकदा उचलून तर बघा." उचललं ते आजतागायत खाली ठेवलं नाही. मुलीने दोन वर्षांत रेंज सोडली. मी आज ५८ वर्षांची आहे, अजून जाते.

माझा हात लहान आहे. मनगटाच्या घडीपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत १६ सेंटिमीटर, मोजून. रेंजवरच्या एअर पिस्तुलाला मध्यम मापाची ग्रिप, म्हणजे धरायची मूठ, होती, आणि मध्यम म्हणजे कुणातरी सहा फुटी माणसाचं मध्यम. त्या ग्रिपवर हात नीट बसवला की माझी तर्जनी ट्रिगरला जेमतेम टेकायची, तीही नखाच्या कडेने. पण मला शिकवलं होतं ते पेराच्या मध्याचं. मग मी तेच केलं जे प्रत्येक आज्ञाधारक विद्यार्थी करतो. पुस्तकामागचं उत्तर आधी लिहिलं आणि ते यावं अशा पायऱ्या वर जुळवल्या. हात ग्रिपभोवती थोडा फिरवून घेतला. बोट पोचलं. पण अंगठा आणि तर्जनीमधल्या बेचकीत बसायला हवी ती पिस्तुलाची पाठ आता अंगठ्याच्या सांध्यावर आली. नळी आणि हाताचं हाड एका रेषेत राहिलं नाही आणि ती रेषा जुळवायला मनगट मुरडून धरावं लागलं. अशा मुरडलेल्या हाताने एका सत्रात साठ शॉट. प्रत्येक शॉटला पिस्तूल एकदाच उचललं जातं असं नाही. साइट, म्हणजे नेम धरायची खूण, स्थिर होत नाही, परत खाली घ्यावं लागतं. म्हणजे शंभरेक वेळा एक किलोचं वजन खांद्याच्या उंचीला.

६०० पैकी माझा स्कोअर ५१० ते ५२०च्या मध्ये अडकलेला. प्रशिक्षकांचं निदान ठरलेलं होतं: एकाग्रता कमी पडते. मुलीचं निदान: वय. दोन्ही ऐकून घेतली, कारण माझ्याकडे तिसरं नव्हतं. श्वासाचे व्यायाम केले. भिंतीवरच्या ठिपक्याकडे टक लावून बसले. एकाग्रता वाढली असेल, स्कोअर वाढला नाही.

एका गोष्टीचा मात्र मला तेव्हाच संशय यायला हवा होता. माझे शॉट पसरलेले नव्हते. त्यांचे दोन पुंजके पडायचे. एक दहा गुणांच्या मधल्या वर्तुळाच्या अवतीभवती, दुसरा डावीकडे सात-आठच्या पट्ट्यात. मन भरकटतं तेव्हा चुका सगळीकडे विखुरतात. दोन पुंजके पडतात तेव्हा हात दोन वेगवेगळ्या गोष्टी करत असतो. सरासरी आणि विचलन आयुष्यभर फळ्यावर शिकवलं, आणि स्वतःच्या टार्गेटवर ते दिसलं नाही.

डोळे उघडले ते दुखण्याने. उजव्या हाताची अनामिका सकाळी उठताना मिटलेलीच राहू लागली. दुसऱ्या हाताने सरळ केली की कट्कन आवाज होऊन उघडायची. डॉक्टरांनी दोन मिनिटांत सांगितलं, हे 'ट्रिगर फिंगर'. मी आणि त्या, दोघीही हसलो. मी हसले कारण मला वाटलं की नेमबाजीचाच रोग दिसतो. त्या हसल्या कारण तसं समजणारी मी काही पहिली नव्हते. या नावाचा बंदुकीशी संबंध एवढाच, की अडकलेलं बोट ट्रिगर सुटावा तसं झटक्यात सुटतं. बोट वाकवणारी दोरी ज्या नळीतून सरकते ती तळहाताशी, बोटाच्या मुळाजवळ जाड होते आणि दोरी तिथे अडकते. सगळ्यात जास्त सापडतो तो अनामिकेला आणि अंगठ्याला. ट्रिगरवर जे बोट असतं त्या तर्जनीला फार कमी. मधुमेह असलेल्यांना अधिक. घट्ट पकडीची कामं सतत करण्याने भर पडू शकते, पण तुमच्या बाबतीत हेच कारण असं छातीठोक सांगता येणार नाही, असं त्या म्हणाल्या. मला मधुमेह नाही. मी घरी येऊन रिकामी मूठ ग्रिप धरल्यासारखी वळली आणि पाहिलं, तर करंगळी आणि अनामिका पिळून काढत होते मी. मोठी ग्रिप निसटू नये म्हणून.

सहा आठवडे रात्री बोटाला पट्टी, आणि उजवा हात रेंजवर बंद.

घरी बसवेना. डाव्या हाताने करून पाहू म्हटलं. त्या दिवसांत मनात कारोली टाकाच होता. हंगेरीच्या सैन्यातला हा नेमबाज. १९३८ साली सरावात हातबाँब फुटून त्याचा उजवा, नेमबाजीचा हात निकामी झाला. त्याने गुपचूप डाव्या हाताने सराव सुरू केला आणि १९४८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये रॅपिड फायर पिस्तूलचं सुवर्ण घेतलं. १९५२ला हेलसिंकीत पुन्हा घेतलं. माझी महत्त्वाकांक्षा सहा आठवड्यांपुरती होती.

आता उजव्या हाताची ग्रिप डाव्या हातात बसत नाही. टार्गेट पिस्तुलांच्या ग्रिपला बोटांच्या खाचा आणि तळहाताखाली टेकू असतो, सगळं एका हाताच्या मापाने. रेंजवर एक चौदा वर्षांची डावखुरी मुलगी होती. तिने तिचं पिस्तूल वापरायला दिलं. छोट्या मापाची ग्रिप, वर आतल्या बाजूने कानशीने घासून घासून चपटी केलेली, दोन ठिकाणी लाकडाची पुट्टी भरलेली. दिसायला अगदी गबाळी. मी हातात घेतली, बोट आत सोडलं, आणि ते आपोआप पेराच्या मध्यावर जाऊन टेकलं. मी काहीच केलं नव्हतं. ज्या डाव्या हाताने मी धड कुलूप उघडत नाही, त्याने पहिल्याच दिवशी बाजूचा दुसरा पुंजका दाखवला नाही. (म्हणजे शॉट चांगले होते असं नाही. हात हलत होता, शॉट वरखाली जात होते. पण पुंजका एकच होता, भला मोठा.)

त्या रात्री खडू काढला.

हा प्रयोग मी आता प्रत्येक नवशिक्याला करायला लावते, म्हणून सविस्तर लिहिते. पिस्तूल रिकामं आहे हे दोनदा पाहायचं. ट्रिगरच्या पात्याला, जिथे बोट टेकतं तिथे, निळा खडू घासायचा. डोळे मिटून हात ग्रिपवर बसवायचा: आधी बेचकी वर पाठीला भिडवायची, नळी हाताच्या हाडाच्या रेषेत आणायची, मधलं बोट आणि अनामिका समोरून सरळ मागे दाबायची. करंगळी आणि अंगठा नुसते सोबतीला. हे सगळं झाल्यावर शेवटी तर्जनी आत. टेकवायची, काढायची, डोळे उघडून खूण कुठे पडली ते पाहायचं. बोट पुसायचं, पुन्हा. मी उजव्या हाताने जुन्या ग्रिपवर दहा वेळा केलं. सात खुणा नखाच्या कडेला, दोन पेराच्या मधोमध, एक पार घडीच्या अलीकडे. शिवाय खुणा तिरक्या. त्या सात आणि तीनमध्ये माझी साडेतीन वर्षं होती. लक्षात असलं की मी हात फिरवून 'नियमाने' बोट ठेवत होते, आणि थकले, विसरले की हात आपल्या जागी जाऊन बोट टोकावर येत होतं. प्रशिक्षक ज्याला एकाग्रता म्हणत होते ती एकाग्रता हात मुरडण्यात खर्च होत होती.

आता हे दोन-चार मिलिमीटर इतके महाग का पडतात ते सांगते, कारण लेखात 'बोटाची जागा महत्त्वाची' एवढंच आहे आणि का ते नाही. दहा मीटर एअर पिस्तुलाच्या ट्रिगरला नियमाने किमान ५०० ग्रॅम भार लागतो. पिस्तूल साधारण किलोभराचं, कमाल मर्यादा दीड किलो. म्हणजे हवेत एका हाताने धरलेल्या वस्तूच्या निम्म्या वजनाएवढा जोर तुम्ही त्याच वस्तूवर देणार. तो सरळ मागे, नळीच्या रेषेत गेला तर हात तो झेलतो. थोडा जरी बाजूला गेला तर पिस्तूल वळतं. बोटाच्या टोकाने दाबलं तर टोक पात्याला मागे नेण्याऐवजी बाजूला लोटतं आणि उजव्या हाताच्या माणसाचे शॉट डावीकडे जाऊ लागतात. बोट फार आत गेलं तर हुकासारखं वाकून पिस्तूल उजवीकडे खेचतं. डावखुऱ्यांना उलट. हे सगळ्यांच्या बाबतीत तंतोतंत घडतं असं नाही. 'शॉट इथे गेला म्हणजे चूक ही' असे गोल तक्ते रेंजच्या भिंतींवर लागलेले असतात, ते पाढ्यासारखे पाठ करू नयेत. पण पहिला संशय घ्यायला ठीक आहेत.

आणि किती वळतं? माझ्या पिस्तुलावर मागच्या आणि पुढच्या साइटमधलं अंतर ३२ सेंटिमीटर. समरूप त्रिकोण आठवा. पुढची साइट एक मिलिमीटर बाजूला गेली तर दहा मीटरवर शॉट ३१ मिलिमीटर जातो. दहाचं वर्तुळ साडेअकरा मिलिमीटर व्यासाचं आणि पुढची प्रत्येक कडा आठ मिलिमीटरवर. म्हणजे मधोमध जाणारा शॉट सातवर. वहीची दहा पानं एकत्र चिमटीत धरून पाहा, एक मिलिमीटर म्हणजे जेमतेम तेवढं. सात-आठच्या पट्ट्यातला माझा डावीकडचा पुंजका एवढ्यात आला.

तर मग उपाय काय केला. बोट हलवलं नाही. बाकी सगळं हलवलं. छोट्या मापाची ग्रिप बसवली. टार्गेट पिस्तुलांमध्ये ट्रिगरचं पातं पुढे-मागे सरकवता येतं, थोडं तिरकंही करता येतं. ते मागे घेतलं, हळूहळू, दर वेळी खडू लावून. तिसऱ्या दिवशी खुणा मधोमध पडायला लागल्या. तरी एक राहिलं होतं. तर्जनीचं मूळ ग्रिपच्या लाकडाला घासत होतं, त्यामुळे दाबताना लाकडालाही धक्का बसायचा. उत्तरपत्रिकेच्या पुरवणीचा कागद फाडून त्याची पट्टी बोट आणि ग्रिपच्या मधून सरकवून पाहिली. अडकली. कानशीने घासलं, पुन्हा सरकवली. ज्या दिवशी पट्टी बोटाच्या मुळापासून ट्रिगरपर्यंत कुठेही न अडकता गेली, त्या दिवशी लाकूड घासणं थांबवलं. माझीही ग्रिप आता तशीच गबाळी दिसते. त्या मुलीला दाखवली तेव्हा तिने हात फिरवून पाहिला आणि म्हणाली, "आता जमली, मॅडम." इतकी वर्षं मार्क दिले, मिळाले ते तेव्हा.

स्कोअर विचाराल तर चार महिन्यांत ५४०. अजून काही फार पुढे गेलेला नाही. वय आहेच की.

आता मुद्दा असा की, हे झालं माझ्या लहान हाताचं. आमच्याकडे एक उंच मुलगा येतो, बोटं लांबसडक. तुमच्या नियमाप्रमाणे पहिल्या पेराचा मध्य ट्रिगरवर ठेवायला गेला तर त्याची तर्जनी मधल्या सांध्यात काटकोनात मोडून बाहेर फुगते. बाहेर आलेला तो सांधा बघूनच कळायचं की जोर कुठेतरी भलतीकडे जाणार. त्याचं पातं पुढे सरकवलं, ग्रिपच्या पाठीला पुट्टीचा थर दिला. पाची बोटं सारखी नसतात म्हणतो आपण, मग दोघांची तर्जनी सारखी कशी असेल?

शिवाय पिस्तुलापिस्तुलात फरक. २५ मीटरच्या पिस्तुलाला ट्रिगरचा किमान भार १००० ग्रॅम, आमच्या दुप्पट. तिथेही पेराचा मध्य चालतो. पण डबल अ‍ॅक्शन रिव्हॉल्व्हर घ्या. तिथे एकाच दाबात घोडा मागे जाणं आणि सुटणं दोन्ही व्हायचं असतं, पाच किलोच्या आसपास जोर लागतो. पेराच्या गादीने तो दाब सरळ देणं बहुतेकांना जमत नाही, बोट मध्येच सरकतं. म्हणून तिथे पहिल्या सांध्याची घडीच ट्रिगरवर घेतात. तीच घडी हलक्या ट्रिगरवर ठेवली तर आम्हाला चूक म्हणून सांगतात. तोच हात, तेच बोट, दोन वेगळी बरोबर उत्तरं. बोट पात्यावर किती वर, किती खाली, हाही एक प्रश्न आहे. वरच्या टोकाला बिजागरी असलेल्या ट्रिगरवर बोट खाली टेकलं तर तो हलका लागतो, वर टेकलं तर जड. साधी तरफ. म्हणजे बोट रोज वरखाली बसणाऱ्याला रोज वेगळा ट्रिगर मिळतो, आणि तो बिचारा स्क्रूड्रायव्हर घेऊन भार जुळवत बसतो.

मला वाटतं थोडा दोष आपल्या भाषेचाही आहे. आपण 'चाप ओढला' म्हणतो. ओढायचं म्हटलं की पूर्ण हात कामाला लागतो, विहिरीवर दोर ओढावा तसा. दाबायचं म्हटलं की बोटच दाबतं. मी शिकवताना 'ओढ' हा शब्द उच्चारत नाही. एक साधी गोष्ट घरी करून पाहा. हात पुढे करून मूठ घट्ट, अगदी घट्ट आवळा आणि तर्जनी मोकळी हलवून पाहा. काठीसारखी हलेल. आता मूठ थोडी सैल करा. तीच तर्जनी सुटी होईल. बोटं वाकवणारे मुख्य स्नायू बोटांत नसतातच, ते कोपराखाली हातात असतात आणि एकमेकांच्या शेजारी राहतात. एकाने आरडाओरडा केला की दुसऱ्याची झोप मोडणारच. म्हणून पकड किती, तर हात थरथरू लागेल इतकं आवळायचं आणि तिथून थोडं मागे यायचं. आणि शॉट सुटेपर्यंत ती बदलायची नाही. तर्जनी दाबताना बाकीची बोटंही सोबत आवळली जातात, ही सवय मोडायला मला ट्रिगरच्या जागेपेक्षा जास्त वेळ लागला. लेखात तिचा उल्लेख नाही.

दुखण्याबद्दल लेखात एक ओळ आहे, की सुरुवातीला बोटं आणि मनगट दुखणारच, सहन करावं. खांदा दुखेल, दंड दुखेल, ते ठीक, वजन उचलतो आहोत. पण बोटाला एका जागी फोड येणं, ट्रिगर गार्डखाली (ट्रिगरभोवतीच्या कडीखाली) मधल्या बोटाचा सांधा चेपून लाल होणं, अंगठ्याच्या बुडाशी कळ, बोटाला मुंग्या, हे काही कसोटी घेणारे गुरुजी नाहीत. ग्रिप कुठे चुकते ते ती जागा दाखवते आहे, इतकंच. मी तेव्हा ऐकलं असतं तर अनामिकेला कदाचित पट्टी बांधावी लागली नसती. कदाचित. डॉक्टरांनी 'छातीठोक नाही' म्हटलं आहे, मीही तेवढंच म्हणते.

आता छायाचित्र.

पानाच्या मधोमध सोळा-सतरा वर्षांचा मुलगा हसतो आहे, गळ्यात पदक, उजव्या हातात पिस्तूल छातीपाशी, नळी वर तिरकी. तर्जनी ट्रिगर गार्डच्या आत. पिस्तूल रिकामं असणार याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण नळीत सुरक्षेची रंगीत दोरी घातलेली दिसत नाही, ती स्पर्धेच्या रेंजवर घालावी लागते आणि पिस्तूल रिकामं असल्याचं लांबून कळावं म्हणूनच असते. आणि बोट. साइट टार्गेटवर येईपर्यंत तर्जनीची जागा ट्रिगरवर नाही, बाहेर, पिस्तुलाच्या अंगाला लागून, सरळ. हा नियम मात्र खरोखर सर्वांना सारखा लागू आहे. लहान हात, मोठा हात, डावा, उजवा, रिकामं, भरलेलं.

याचंही कारण स्नायूंतच आहे. माणूस दचकतो तेव्हा, पाय घसरून तोल जातो तेव्हा, किंवा दुसऱ्या हाताने काहीतरी जोरात पकडतो तेव्हा, या हाताची मूठही न सांगता आवळली जाते. तर्जनी ट्रिगरवर असेल तर तीही. मुद्दाम दाबलं की चुकून, हे पिस्तुलाला कळत नाही. माझ्या बारा वर्षांत रेंजवर मी एकच नको तो शॉट ऐकला. शेजारच्या लेनवरच्या गृहस्थांनी पिस्तूल भरलं, उचलायच्या आधी बोट आत गेलं, आणि मागे कुणाच्या तरी हातून पाण्याची बाटली पडली. छर्रा टेबलाच्या कडेत घुसला. ते चांगलं अर्धं मिनिट त्या भोकाकडे बघत उभे होते. त्यांना पेराचा मध्य, घडी, सगळं पाठ होतं.

घरी ड्राय फायर, म्हणजे रिकाम्या पिस्तुलाचा ट्रिगर दाबायचा सराव, करणाऱ्या मुलांच्या आईबापांसाठीही दोन ओळी, कारण लेखात 'घरी रोज शंभर ड्राय फायर करा' असा सल्ला आहे आणि पुढे काहीच नाही. शंभर कशाला, लक्ष देऊन केलेले तीस पुरतात. खोलीत एकही छर्रा किंवा काडतूस नको, शेजारच्या कपाटातसुद्धा नको. टार्गेट म्हणून साधी भिंत, जिच्या पलीकडे कुणी बसत नाही अशी. एअर पिस्तुलांना बहुधा ड्राय फायरची वेगळी सोय असते, ती वापरावी. .२२ बोअरचं, काडतुसाचं पिस्तूल असेल तर नुसतं रिकामं मारू नये, आतली पिन चेंबरच्या कडेवर आदळून खराब होऊ शकते. त्यासाठी नकली काडतूस येतं. नखं कापलेली असावीत. बोटात अंगठी नको. आणि सुरुवात खडूने.

हे पत्र छापणार असाल तर एवढी एकच विनंती: मजकुरातल्या त्या वाक्याची दुरुस्ती छापावी आणि पुढच्या वेळी छायाचित्र निवडताना रेंजवरच्या कुणालातरी आधी दाखवावं. त्या मुलाला निरोप पोचवता आला तर पोचवा. त्याची बेचकी पिस्तुलाच्या पाठीला किती वर आणि किती मधोमध बसली आहे ते मी भिंगातून पाहिलं. मला तिथे यायला साडेतीन वर्षं लागली. पदकाबद्दल अभिनंदन, आणि बोट बाहेर.

आपली,
एक निवृत्त गणित शिक्षिका
(नाव व पत्ता कार्यालयाकडे दिला आहे, छापू नये.)